पाण्याबाहेरचा दम

आमच्या कॉलेजच्या कबड्डी टीमचा तो हिवाळा मला आठवतो तो धुक्यासकटच. पन्नासनंतरचं नेमकं कोणतं साल, ते विचारू नका. तारखा लक्षात ठेवायला मी काही तलाठी नाही. चंद्रपूरला तेव्हा चांदा म्हणत, छोटी आगगाडी धूर सोडत सागवानातून रमतगमत जायची, आणि आम्ही सात पोरं तिच्यात बसून गावोगाव सामने खेळायला जायचो, एवढं पक्कं. बाकी सगळ्याची डोक्यात खिचडी झाली आहे. ब्रह्मपुरीचं मैदान आठवायला गेलं की त्याच्या कडेला गोंदियाचं स्टेशन उभं राहतं. राहू दे. मला तसंच आवडतं.

सात म्हणजे मोजून सात. आठवा नव्हताच. कोणाला ताप आला तर तापातच खेळायचं. शिकवायला संस्कृतचे सर. त्यांनी जन्मात कबड्डी खेळली नव्हती, भर हिवाळ्यात छत्री घेऊन फिरायचे, आणि खेळाचं पुस्तक उघडून मैदानात उभे राहायचे. आम्ही पाठीमागे हसायचो. पण माणूस लाखात एक हो! पोरं भुकेली खेळतात हे त्यांच्या लक्षात आलं तेव्हापासून पिशवीत कायम मुरमुरे आणि गूळ असायचा.

मला टीममध्ये घेतलं ते माझ्या दमासाठी. आम्ही तलावावरचे ढिवर, मासे धरणारे. चालता येईपर्यंत पोरगं पोहायला लागतं आणि दहा वर्षांचं झालं की पाण्याखाली जातं. जाळं खाली एखाद्या खुंटाला अडकलं की कोणीतरी तळाशी जाऊन सोडवावं लागतं. मी एका दमात चढाईला गेलो की समोरची टीम कंटाळायची, पण माझं कबड्डी कबड्डी संपायचं नाही.

पण एक खोड होती. कोणी मला धरलं, खाली दाबलं, की माझे ओठ आपोआप मिटायचे. छातीत दम भरलेला असायचा, पण तोंडाला कुलूप. पाण्याखाली पाय अडकला तर तोंड मिटायचं, हे अंगात मुरलेलं. कबड्डीत मात्र आवाज थांबला की खेळ खलास. पंच हात वर करायचा, "दम तुटला, बाद!" आणि आमचा कप्तान, राजुऱ्याचा आडदांड गडी, कपाळावर हात मारायचा. "अबे, एवढा दम आहे तर बोलत काऊन नाई? पोटात साठवून घरी नेतं का?"

सरांनी उपाय काढला. सकाळी मैदानावर तणसाचा, धानाच्या पेंढ्याचा, ढीग टाकायचा, मला त्यात पालथं पाडायचं, आणि सहा जणांनी अंगावर पडायचं. सर छत्री टेकून, कान माझ्या तोंडाशी आणून बसायचे. "बोल रे राजा. ओठ मिटू नकोस. बोलत राहा." नव्या तणसाचा तो गोडसर वास, नाकातोंडात कुसळं, वर सहा जणांचं ओझं, आणि कुठून तरी लांबून येणारा सरांचा आवाज. खरं सांगतो, तिथे कधी कधी मला झोप यायची. डोळे मिटले की हिरवं पाणी दिसायचं.

आणि त्या पाण्यात माझा भाऊ दिसायचा.

तो माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. एका सकाळी जाळं अडकलं म्हणून तो खाली गेला. बा डोंग्यात बसून बुडबुडे मोजत होता. तशीच रीत होती. खालचा माणूस थोडा थोडा दम सोडतो, वर बुडबुडे येतात, वरचा समजतो की गडी ठीक आहे. बुडबुडे थांबले. बाला वाटलं, पोरगा पट्टीचा आहे, दम धरून काम करून राह्यला असेल. तो थांबला. मोजत राहिला. नंतर उडी मारली, पण तोवर उशीर झाला होता.

त्या दिवसापासून बाने मला पाण्याखाली जाऊ दिलं नाही. शाळेत घातलं, मग कॉलेजात. माझ्यावर हात कधी उगारला नाही, पण माझ्याकडे धड बघायचाही नाही. बघितलंच तर असं, की मनातल्या मनात काहीतरी मोजतो आहे. मला त्याचा राग यायचा आणि रडूही यायचं. मी मागे उरलो हा काय माझा गुन्हा होता?

म्हणून मला कप नको होता. मला बा हवा होता, मैदानाच्या कडेला. त्याच्या डोळ्यांदेखत मला सात जणांखाली दबायचं होतं, आणि बोलत बोलत बाहेर यायचं होतं. बस, एकदा.

तणसात मला ते जमलं, आणि जमलं तेही बाच्याच शिकवणीने. भावाला शिकवताना मी ऐकलं होतं, "एकदम नको सोडू. बारीक बारीक सोड." मी आवाज बारीक केला. ओठांशी जेमतेम हलेल एवढा. सर कान लावून बसले होते, ते ताडकन उठले आणि छत्री हवेत फेकली. "चालू आहे! अजून चालू आहे!" त्यानंतर आम्ही जिंकतच गेलो. कोणाला हरवलं, किती गुणांनी, काही आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की परतताना गाडीच्या दारात पाय सोडून बसायचो आणि धानाच्या शेतांच्या बांध्यांमागून बांध्या मागे जात राहायच्या.

शेवटचा सामना चांद्याला, नागपूरकडच्या एका मोठ्या कॉलेजशी. मी गावी जाऊन बाला म्हटलं, "बा, यंदा ये." तो जाळं विणत होता. मान वर न करता म्हणाला, "तुले दाबतेत ना रे तिथी?"

"दाबतेत. पण मी बोलत राहतो. आवाज थांबत नाई माहा. तू ऐक तर खरं."

तो सुताच्या गाठी मारत राहिला. पण सामन्याच्या दुपारी बघतो तर रेषेला लागून, खांद्यावर दुपट्टा टाकून, अनवाणी उभा! माझ्या छातीत एवढं भरून आलं की पहिल्याच चढाईला दम कमी पडला.

शेवटी आम्ही एका गुणाने मागे होतो, आणि शेवटची चढाई माझी. मी दोघांना शिवलो आणि परत फिरलो तोच कोणीतरी घोटा धरला. मग सगळेच आले. मी पालथा पडलो, तोंड मातीत. हात लांब केला. मधली रेषा चार बोटांवर होती. ओठ मिटले नाहीत. बारीक, बारीक, कबड्डी कबड्डी. पंच गुडघ्यावर बसून कान लावून ऐकत होता आणि मान हलवत होता. वरचे दमले होते, पकड सैल होत होती. मी बोट बोट सरकत होतो. चाराची तीन बोटं झाली, तिनाची दोन.

आणि एकदम अंगावरचं ओझं गेलं. कोणीतरी पोरांना मानगुटीला धरधरून बाजूला फेकत होतं. माझ्या काखेत दोन हात घुसले आणि मला ओढून उभं केलं. बा होता. तोंड पांढरंफटक.

पंचाची शिट्टी वाजली. बाहेरचा माणूस मैदानात आला म्हणून चढाई रद्द, वेळही संपलेली. आम्ही हरलो. कप्तान ओरडला, "तुया बापानं कप बुडवला बे!" आणि मी, मी बाचा हात झटकला. चारचौघांत. आजही तो झटका खांद्यात जाणवतो.

"बा, दम होता माहा! चालू होता! पंचाले विचार!"

"मले नाई आयकू आला," तो म्हणाला. मग जमिनीकडे बघत, "त्या रोजी मी थांबलो होतो. आज नाई थांबलो."

मी तिथेच मटकन खाली बसलो आणि लहान पोरासारखा रडलो. सर आले, त्यांनी पिशवीतला गूळ बाच्या हातावर ठेवला आणि त्याच्या शेजारी धुळीत बसले. पाणी आणून दिलं ते कप्तानानेच.

संध्याकाळच्या आत आम्ही बापलेक गावी पोहोचलो. गाडीत, मग बांधावरून चालताना, बाने माझं मनगट सोडलं नव्हतं. माय अंगणात धान वाळवून गोळा करत होती. तिने आम्हा दोघांकडे पाहिलं, माझ्या तोंडावरच्या मातीकडे पाहिलं.

"जितले का?" तिने विचारलं.

"हारले," बा म्हणाला. "पोराले घेऊन आलो."

मायने सूप खाली ठेवलं, पदराने माझं तोंड पुसलं आणि मग त्याचं.