अन्नत्याग आणि डझनभर केळी

फळं खाऊन माणूस बारीक होतो की जाडा, याचा निकाल आमच्या घरात साडेतीन वर्षांत लागला. हल्ली माझी सून सकाळी पपईची बशी पुढ्यात घेऊन बसते आणि मला विचारते, आई, फळांनी वजन उतरतं ना हो? मी म्हणते, उतरतं आणि चढतंही, तू आधी पपई संपव. तिला वाटतं म्हातारी चेष्टा करते. चेष्टा कसली! आमच्याकडे एकाच टोपलीतल्या फळांवर एक माणूस फुगला आणि दुसरं वाळलं. ते दोघं माझे बाबा आणि आई होते.

फणसवाडीत तिसऱ्या मजल्यावर आमच्या दोन खोल्या, त्यात आईबाबा आणि आम्ही तीन भावंडं. बाबा फोर्टातल्या एका कचेरीत हेडक्लार्क. स्वतःला ते ‘भरल्या अंगाचा’ म्हणवत. जिना चढताना प्रत्येक मजल्यावर थांबून ते लोकांची विचारपूस करायचे आणि चाळ म्हणायची, किती माणूसवेडा गृहस्थ. खरं म्हणजे त्यांना दम लागायचा. शेवटी नाक्यावरच्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं, वजन उतरवा, भात कमी करा, तुपाची धार आवरा. बाबांनी मान डोलावली आणि घरी येऊन वरणभातावर नेहमीपेक्षा जास्त तूप घेतलं, कारण उद्यापासून सोडायचं होतं. तो उद्या काही उगवला नाही.

दिवस चळवळीचे होते. गोळीबार होऊन वर्ष होत आलं होतं, गिरगावातली माणसं गेली होती, आणि मुंबई काही मिळत नव्हती. त्या रागात जो तो काहीतरी सोडत होता. कुणी चहा सोडला, कुणी चपला सोडल्या, पहिल्या मजल्यावरच्या एका आजोबांनी तर दाढी करणं सोडलं. एके संध्याकाळी चाळीच्या चौकात सभा झाली. भाषणं तापली, ‘झालाच पाहिजे’ने गॅलऱ्या हादरल्या, आणि आमचे बाबा, जे कचेरीत साहेबासमोर खोकायलाही भीत, ते उठले आणि म्हणाले, मुंबई महाराष्ट्रात येईपर्यंत मी अन्नाच्या कणाला शिवणार नाही.

मग असा टाळ्यांचा कडकडाट झाला की बाबा स्वतःच दचकले. चौकात एक फळा होता, त्यावर रोजच्या बातम्या लिहायचे. त्याच वेळी कुणीतरी खडूने त्याच्या कोपऱ्यात लिहिलं: अन्नत्याग, दिवस पहिला.

वर येताना जिन्यात आईने एवढंच विचारलं, कण म्हणजे नेमका कशाचा? बाबांनी दुसऱ्या मजल्यावर थांबून विचार केला. तिसऱ्यापर्यंत ठरलं की धान्य बंद, फळं आणि दूध चालेल. आता यात लबाडी काहीही नव्हती, हे मी शपथेवर सांगते. आपल्याकडे फळ म्हणजे खाणं नव्हेच. उपासाच्या दिवशी चार केळी गिळून माणूस ओठ पुसत म्हणतो, सकाळपासून पोटात काही नाही हो. आणि खोटं बोलल्यासारखं त्याला जराही वाटत नाही. बाबा त्या रात्री खूश होते. देशकार्यही झालं आणि डॉक्टरांचं म्हणणंही राखलं गेलं, एका दगडात दोन पक्षी. आई म्हणाली, बघा हं, एकादशी आणि दुप्पट खाशी व्हायची नाहीतर.

तीच झाली. सकाळी सहा केळ्यांचं शिकरण, साखर घालून, कारण साखर काही धान्य नव्हे. कचेरीत डब्यात चार चिकू आणि खजूर. संध्याकाळी फणसाचे गरे. फणसवाडीत राहून फणसाला नाही म्हणणं शोभतं का? रात्री पुन्हा केळी, वर तांब्याभर दूध. आणि हे सगळं विकत आणायलाही लागत नव्हतं. त्यागी माणूस म्हणून लोक आणून देत. एकादशीला आमच्या दारात केळ्यांचे घड लागायचे. खोताच्या वाडीतले बाबांच्या कचेरीतले एक ख्रिस्ती गृहस्थ परसातली पपई घेऊन यायचे आणि हात जोडून जायचे. शेजारच्या काकू तर आपल्या मुलांना आणून बाबांच्या पाया पडायला लावत. मुलं पडायची आणि केळ्यांकडे बघायची. आंबे सुरू झाले तेव्हा कहर झाला. आमरस वाटीने, तूप-मिरी घालून, पुरीशिवाय. पुरी नाही म्हणजे केवढा त्याग!

महिन्याच्या पहिल्या तारखेला बाबा मला घेऊन चर्नी रोड स्टेशनवर जायचे. तिथे वजनाचं मशीन होतं. आणा टाकला की आत घरघर व्हायची आणि जाड कागदाचं तिकीट पडायचं, एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला भविष्य. पहिल्या महिन्यात एकशे ऐंशी पौंड होते. मग एकशे त्र्याऐंशी, मग एकशे अठ्ठ्याऐंशी. बाबा म्हणाले, मशीन बिघडलंय. दादरच्या मशीनवर गेलो, तिथे एकशे नव्वद. ते म्हणाले, कोट जड आहे. मी सोळा वर्षांची होते आणि जिभेला हाड नव्हतं, मी म्हटलं, कोटाच्या आतलं जड आहे. एक टपली खाल्ली. तिकिटाच्या मागे छापलं होतं, ‘आपण संयमी व निग्रही आहात.’ ते तिकीट बाबांनी पाकिटात जपून ठेवलं.

मे संपता संपता त्यांची तहान वाढली. माठ दिवसातून दोनदा भरावा लागायचा. चप्पल चावून पायाला झालेली जखम महिना झाला तरी भरेना. बाबा म्हणाले, अशक्तपणा असणार, अन्न नाही ना पोटात. आईने काही ऐकलं नाही, मला बरोबर घेऊन त्यांना डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांनी विचारलं, काय काय खाता? बाबा अभिमानाने म्हणाले, काही नाही. डॉक्टर त्यांच्या पोटाकडे बघत राहिले. मग मीच सगळा पाढा वाचला, शिकरणापासून आमरसापर्यंत. डॉक्टरांनी नळीत निळं औषध घेतलं, त्यात लघवीचे थेंब टाकले आणि नळी स्पिरिटच्या दिव्यावर धरली. निळं राहिलं तर माणूस ठीक, हिरवं-पिवळं झालं तर साखर, विटकरी झालं तर पंचाईत. बाबांचं विटकरी झालं. डॉक्टर म्हणाले, फळ वाईट नाही. जेवणाच्या जागी एखादा पेरू, एखादं संत्रं खाल्लं तर वजन उतरायला मदतच होते. पण तुम्ही दोन माणसांचं जेवण फळांतून जेवताय, वर साखर घालून. हे आजपासून बंद करा, मोजून भाकरी आणि पालेभाजी खा, नाहीतर आधी हा पाय जाईल आणि मग तुम्ही.

बाबा म्हणाले, पण फळ्यावर एकशे सत्तरावा दिवस लागलाय.

“मुंबई मिळेल तेव्हा बघायला तुम्ही उरायला नको का?” डॉक्टर म्हणाले. ते स्वतः चळवळीतले, तुरुंगात जाऊन आलेले. पण बाबांच्या डोळ्यांपुढे तो फळा होता.

घरी येऊन बाबा भिंतीला टेकून बसले. आयुष्यात पहिल्यांदा लोक त्यांना मान देत होते. कचेरीत शिपाईसुद्धा त्यांना विचारत नव्हता आणि इथे बायका पोरांना त्यांच्या पाया पडायला लावत होत्या. ते म्हणाले, शब्द मोडण्यापेक्षा मेलेलं बरं. बाबा मोठ्या गोष्टी बोलायचे नेहमी, पण त्या दिवशी ते खरंच बोलत होते हे मला कळलं.

आई भाकरीचं पीठ मळत होती. मान वर न करता म्हणाली, “सत्यनारायणाची पूजा तुम्ही करता. मी नुसता तुमच्या हाताला हात लावते. तरी अर्धं पुण्य मला मिळतं ना?”

बाबा म्हणाले, मिळतं, शास्त्रच आहे.

“मग आता अन्न मी सोडते. तुम्ही माझ्या हाताला हात लावा, म्हणजे झालं.”

बाबांनी वाद घालायचा प्रयत्न केला, पण शास्त्र त्यांनीच सांगितलेलं. शेवटी आईने पिठाचे हात धुतले, देवापुढे पाणी सोडलं, आणि बाबांनी तिच्या मनगटाला बोटं लावली. मग तिने त्यांना भाकरी वाढली. मी दार लोटून घेतलं. आमच्या चाळीत दिवसाढवळ्या दार लावणं म्हणजे शेजाऱ्यांना बोलावणंच होतं, त्यामुळे शेजारच्या काकूंनी लगेच विचारलंच, काय गं, काय झालं? मी म्हटलं, बाबांना वारा सोसत नाही.

आणि काय सांगू, ही युक्ती फारच छान चालली. बाबा मोजून भाकरी, पालेभाजी आणि ताक घ्यायला लागले. पायाची जखम भरली. वर्षभरात वजन पंचवीस पौंडांनी उतरलं. कोट अंगावर लोंबायला लागला. लोक हळहळायचे, बघा कसा झिजला माणूस मुंबईसाठी. भाकरी खाऊन माणूस त्यागाने झिजतो, हे मी या डोळ्यांनी पाहिलं.

आई मात्र खरोखरच फळांवर राहिली. पण तोवर हंगाम संपला होता, आणि त्यागही जुना झाला होता. लोकांना रोज रोज कोण आठवतो? घड यायचे बंद झाले. जे काही यायचं ते बाबांसाठी यायचं. त्यातलं आल्यागेल्याला द्यावं लागायचं, आणि उरलेलं आम्ही भावंडं फस्त करायचो. होय, मीसुद्धा. मला ठाऊक होतं तिने अन्न सोडलंय, तरी टोपलीतला शेवटचा चिकू मी खायची. ती काही म्हणायची नाही. एक केळं, अर्धा पेला दूध, कधी पेरूची फोड. याच्यावर ती चौघांचा स्वयंपाक करायची, वरणाला फोडणी द्यायची आणि मीठ बरोबर आहे का हे आम्हाला विचारायची, कारण तिला चाखता येत नव्हतं. शेजारच्या काकू म्हणायच्या, नवरा उपाशी म्हणून बाई काळजीने वाळली हो. आजही ते आठवलं की मला माझीच लाज वाटते.

दुसऱ्या वर्षी मी तिला ओढून स्टेशनवर नेलं. आणा कशाला घालवतेस म्हणून कुरकुरत ती मशीनवर उभी राहिली. शहाऐंशी पौंड! मी तिकीट उलटून पाहिलं. मागे छापलं होतं, ‘खाण्यापिण्यावर ताबा ठेवावा.’ मी ते तिला वाचून दाखवलं. आई तिथेच बाकावर बसून पदराने डोळे पुसत हसली. मी तिला म्हटलं, पुरे झालं आता, कुणाला कळतंय? ती म्हणाली, मला कळतंय, आणि गोळीबारात पोरं गेली त्यांच्या आयांना मी तोंड कसं दाखवू. तेव्हा मला समजलं की बाबांनी शब्द दिला होता लोकांना, पण पाळत होती ती दुसऱ्याच कुणासाठी.

शेवटी मुंबई मिळाली. चौकात पताका, ताशे, गुलाल. फळ्यावर आकडा बाराशेच्या वर गेला होता. बाबांना खुर्चीवर बसवून हार घातला, साखरभाताचा घास भरवला, आणि चाळीतर्फे भली मोठी फळांची करंडी दिली. फळांचीच! ज्याने कुणी हे सुचवलं त्याच्या अकलेला दंडवत. बाबांनी भाषण करायला तोंड उघडलं, वर आमच्या गॅलरीकडे पाहिलं, आणि दोन वाक्यं बोलून खाली बसले. लोक म्हणाले, केवढा हा विनय!

वर मी आईचं पान वाढलं. वरणभात, लिंबाची फोड, तूप. साडेतीन वर्षांतली जवळजवळ तीन तिने अशी काढली होती, आणि हे खाली कुणालाही माहीत नव्हतं. तेवढ्यात बाबा हार घातलेलेच आत आले. जिन्यात कुठे थांबले नव्हते. त्यांनी करंडी तिच्यापुढे ठेवली. आईने ती पायाने बाजूला सरकवली, म्हणाली, कुणालातरी देऊन टाका, मला फळाचं तोंड बघायचं नाही.

बाबांनी गळ्यातला हार काढून खुंटीला लावला. मग पाट न घेता तसेच जमिनीवर तिच्या शेजारी बसले. आईने भात कालवला, घास उचलला, आणि बाबांनी पूजेत लावतात तसा तिच्या हाताला हात लावला. बराच वेळ तो तसाच ठेवला. त्यांच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. तिचा घास तोंडापाशी अडकून राहिला होता.

“हात सोडा आता,” आई म्हणाली. “मला जेवू द्या.”