दोघांची गोधडी

"पांघरूण उभ्याउभ्या घेऊ नये," असं म्हणत ते दुकानात शिरायचे आणि दुकानदाराचं लक्ष दुसरीकडे गेलं, की नवं ब्लँकेट अंगावर ओढून सरळ फरशीवर आडवे व्हायचे. एकदा डाव्या कुशीवर, एकदा उजव्या. मग पाय पोटाशी घेऊन डोळे मिटायचे. मेनरोडवरच्या दुकानदारांना हा प्रकार ठाऊक झाला होता. ते दिसले, की गड्यांना हाक जायची, "अरे, ते झोपणारे साहेब आले!"

साहेब वगैरे ते नव्हते. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात बॉयलरवर पाळीने काम करायचे. आम्ही त्यांना भाऊ म्हणायचो. मी कॉलनीतल्या शाळेत शिकवायचे, म्हणून ते मला बाई म्हणत. आमची घरं समोरासमोर होती. एखादा माणूस दिवसभर आगीपाशी राबून सुट्टीत मुद्दाम गारठ्यात निजायला डोंगरावर जातो, हे तुम्हीही पाहिलं असतं तर माझ्यासारखंच कपाळाला हात लावला असता. दर हिवाळ्यात ते आम्हा पाचसात जणांना कुठल्या ना कुठल्या गडावर मुक्कामाला न्यायचे. निघण्याआधी प्रत्येकाचं पांघरूण स्वतः तपासायचे. माझ्या नवऱ्यानं एकदा सोलापुरी चादर पिशवीत भरली, तर भाऊंनी ती बाहेर काढून त्याच्या खांद्यावर टाकली आणि म्हणाले, "ही लग्नात आहेराला द्या."

त्यांचा सगळा भरवसा घोंगडीवर. "पाऊस झटकते, दव पीत नाही, विस्तवाची ठिणगी पडली तरी भडकत नाही," हे मी इतक्यांदा ऐकलंय, की आजही पाढ्यासारखं म्हणून दाखवीन. बुधवारच्या बाजारात, गंगेवर म्हणजे आमच्या नदीकाठी, घोंगड्या विकणारे धनगर बसत. भाऊ तिथं तासन्‌तास रमत. लोकर गालावर घासून बघत, वास घेत, आणि अर्थातच तिथंही आडवे होत.

पण त्यांच्या घरात घोंगडी येऊ शकत नव्हती. वहिनींना दमा होता आणि लोकर जवळ आली, की त्यांची छाती भरून यायची. भाऊंची घोंगडी वर्षभर आमच्या माळ्यावर असे. सवतीला परगावी ठेवतात तशी, असं मी एकदा म्हटलं, तर वहिनी इतक्या हसल्या की मलाच पाणी आणायला धावावं लागलं.

वहिनी सटाण्याकडच्या. त्यांच्या बोलण्यात तिकडची अहिराणी कायम डोकवायची. त्यांच्या माहेरच्या शेतातून साल्हेरचा किल्ला दिसतो. "आमना वावरमा उभं ऱ्हायनं का रोज दिसे," त्या सांगायच्या. "पन कधी बोलावं नही त्यानी." त्यांचे भाऊ वर जाऊन आले, मामेभाऊ जाऊन आले. पोरीच्या जातीनं डोंगरावर काय करायचं, म्हणून ह्या खालीच राहिल्या. पुढे लग्न होऊन इकडे आल्या, दमा जडला, आणि गड राहूनच गेला. आम्ही कुठल्याही गडावरून परतलो, की त्या आधी विचारायच्या, "साल्हेर दिसना का तठून?"

भाऊंनी मनावर घेतलं होतं की बायकोला एकदा साल्हेरवर न्यायचंच. डॉक्टर म्हणाले, पावसाळा सरल्यावरच्या कोरड्या दिवसांत, थांबतथांबत चढल्या तर हरकत नाही. पण थांबतथांबत म्हणजे पूर्ण दिवस. म्हणजे रात्री वर गुहेत मुक्काम आला आणि मुक्काम आला म्हणजे थंडी. त्या थंडीत लोकरीशिवाय वहिनींना ऊब कशानं द्यायची, हा प्रश्न. बाकी जगाला तो किरकोळ वाटेल. भाऊंची त्यापायी झोप उडाली होती.

गिरणीची ब्लँकेटं पाहून झाली. त्यांतही लोकर निघे, नाहीतर ऊबच नसे. लष्करी रग आणला, तर त्याच्या वासानंच वहिनी ओसरीत जाऊन बसल्या. मग भाऊंच्या डोक्यात आलं, की त्रास लोकरीचा नसेलच, घोंगडीला चिंचोक्याची खळ लावतात तिचा आणि आतल्या धुळीचा असेल. खळ गेली की झालं! त्यांनी नवीकोरी घोंगडी केंद्रावर नेली. तिथं बॉयलरच्या बाजूला एका नळाला कढत पाणी यायचं. सबंध पाळीभर ती त्या पाण्यात बुडवून ठेवली, वर काठीनं बदडली. असली अक्कल फक्त एकलहऱ्याच्या माणसालाच सुचणार. घरी आणून उलगडली, तर घोंगडी आटून पाटाएवढी झालेली आणि जाडजूड.

वहिनींनी ती दुरूनच पाहिली. "आते यामा मांजरनं पिल्लूच झोपी," म्हणाल्या. भाऊ हसले नाहीत. त्या दिवशी मला प्रथम कळलं की हा माणूस गंमत म्हणून दुकानांतून लोळत नव्हता.

तोडगा शेवटी बायकांनीच काढला. गोधडी! भाऊंनी नाक मुरडलं. "भिजली तर गाढवाचं ओझं," म्हणाले. पण दुसरा इलाज नव्हता. वहिनींनी घरोघर जुनी सुती लुगडी मागितली. मी माझं निळं इरकल दिलं. मागच्या गल्लीतल्या बौद्ध कुटुंबातल्या ताईंनी विहारात नेसायच्या दोन मऊ पांढऱ्या साड्या आणून दिल्या. येवल्याच्या आमच्या शेजारणीनं पैठणी मात्र दिली नाही, एवढं नमूद करते. सगळं उकळून, कडक उन्हात वाळवून घेतलं, कारण धूळ चालणार नव्हती. वहिनींनी ती दुपारच्या उन्हात बसून स्वतः शिवली, दोघं मावतील एवढी. उशाची बाजू कळावी म्हणून एका कडेला आपल्या हिरव्या खणाची पट्टी लावली. शेवटचा टाका पडल्यावर भाऊ ओसरीत तिच्यावर आडवे झाले, दोन्ही कुशींवर. उठले तेव्हा डोळे भरलेले होते. "बरी आहे," एवढंच बोलले.

मग सराव. कामावर जाण्याआधी ती गोधडी पाठीला बांधून भाऊ कॉलनीला फेऱ्या मारू लागले. लोक विचारत, "काय भाऊ, वहिनींनी घराबाहेर काढलं का?" भाऊ मान हलवून पुढे जात. वहिनीही संध्याकाळी चालायला लागल्या. त्या वर्षी त्यांचा श्वास खरोखरच बरा होता. दिवाळी झाली की निघायचं ठरलं. मी तर गुळपापडीचंसुद्धा मनात मोजमाप करून ठेवलं होतं.

दिवाळीतच त्यांचा दमा उसळला. फटाक्यांचा धूर म्हणा, हवा म्हणा, नशीब म्हणा. दवाखान्यातून घरी आणलं, तेव्हा त्यांनी ती गोधडी मागितली. गडासाठी राखून ठेवलेली, अजून एकदाही न वापरलेली. भाऊंनी ती त्यांच्या अंगावर घातली. तिच्याखालीच चार दिवसांनी वहिनी गेल्या. मी तिथंच होते. त्यांचा हात माझ्या हातात होता आणि बोटाला सुईचा घट्टा तसाच होता.

दिवसकार्याला भाऊंची थोरली बहीण गावाहून आली होती. ती मनाची वाईट नव्हती, रीतीची पक्की होती. वहिनींचं अंथरूण, उशी, सगळं तिनं दाराबाहेर काढलं. गोधडीही. "गेलेल्या माणसाचं पांघरूण घरात ठेवत नाय रे," ती म्हणाली. भाऊंनी आयुष्यात तिला कधी उलटून उत्तर दिलं नव्हतं. ते बाहेर गेले आणि गोधडीवर बसून राहिले.

"घरात ठेवत नाहीत ना, अक्का?"

"नाय ठेवत."

"मग मी घरात ठेवत नाही. तिला जिथं जायचं होतं तिथं नेतो."

गोधडी आमच्या घरी राहिली. थंडी पडल्यावर आम्ही निघालो. सटाण्यापर्यंत एसटी, पुढे मिळेल त्या वाहनानं. मी, माझा नवरा, नेहमीचे तिघं आणि भाऊ. गोधडीला त्यांनी कुणालाच हात लावू दिला नाही. चढताना ते सारखे थांबत. दम लागलाय म्हणून नव्हे. वहिनींना जिथं जिथं थांबावं लागलं असतं, तिथं थांबत होते. आम्हीही थांबत होतो.

रात्री वर गुहेत मुक्काम केला. सकाळी भाऊंनी गोधडी गुहेपुढच्या उन्हात पसरली. खाली दूरवर शेतं दिसत होती. त्यातलं वहिनींच्या माहेरचं कुठलं, ते भाऊंनी बोटानं दाखवलं, पण मला नीट कळलं नाही. मग गोधडी नीट घडी करून, खणाची पट्टी वर ठेवून, त्यांनी ती गुहेतल्या कोरड्या कोनाड्यात ठेवली.

मला राहवेना. "भाऊ, न्या हो घरी. अक्कांना मी सांगते."

"नको बाई. कुणीतरी थंडीचं येईलच की वर."

त्यानंतर ते आमच्याबरोबर डोंगरावर आले नाहीत. पाळीवर जात, परत येत, दार लावून घेत. त्यांची घोंगडी आमच्या माळ्यावर पडून राहिली. न्या म्हटलं तर म्हणत, असू द्या. पुढच्या हिवाळ्यात आम्हीच साल्हेरला गेलो. खरं सांगायचं तर गोधडी बघायलाच गेलो. कोनाडा रिकामा होता. खालच्या गावात विचारलं, कुणाला काही माहीत नव्हतं.

आल्यावर मी त्यांच्या दारात गेले आणि गोधडी कुणीतरी नेल्याचं सांगितलं. त्यांनी चौकट धरली आणि विचारलं, "नेणारे दोघं होते का हो?"

"दोघंच होते म्हणे," मी म्हणाले. "नवराबायको."

"मग बरं झालं," ते म्हणाले. "एकट्याला ती फार मोठी होती."