टेम्पोतला पलंग

२०२३ साली मी एकाहत्तरचा होतो. बायको आणि मी, दोघांनी कोकण किनारा आणि पुढे माणदेशचे माळ फिरायचे म्हणून मी जुन्या टेम्पोत स्वतः पलंग ठोकला.

इंजिन दाखवायला आम्ही उल्हासनगरच्या एका सिंधी मिस्त्रीकडे गेलो. तो स्क्रूड्रायव्हर कानाला लावून इंजिन ऐकतो, माणसांचं बोलणं मात्र अर्ध्यात तोडतो. त्याच्यासमोरच बायको म्हणाली, "एवढ्या उंच पलंगावर चढायला मी काय शेळी आहे? मी नाही येत."

मी हटलो नाही.

संध्याकाळी टेम्पो परत घ्यायला गेलो, पाहतो तर पलंगाचे पाय वीतभर कापलेले!

"कोणाला विचारून कापलंस?"

"जिला चढायचंय तिचं ऐकून, साईं. काकी, बसून बघा."

ती बसली, पाय टेकले, हसली. मी त्याला शाबासकी दिली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला शेजारी बसवलं आणि निघताना वाट वाकडी करून त्याच्या बंद गॅरेजसमोर दोनदा हॉर्न वाजवला.