मी मामांना आणखी एक सेट मारायला लावला

मित्रांनो, आज सकाळी माझ्यामुळे एक माणूस जिममध्ये कोसळला. लपवण्यापेक्षा लिहितो.

मी चिकलठाण्यातल्या छोट्या जिममध्ये ट्रेनर आहे. शिक्षण दहावी, बाकीचं व्हिडिओ बघून वहीत नीट उतरवलेलं. व्यायाम जितका जोरदार, तितकी ताकदीची हार्मोन्स जास्त, एवढं पक्कं डोक्यात.

आमच्या जिमला येणारे भानुदासमामा कंपनीत हमाली करतात. महिनाभर त्यांना झोप नव्हती, वजनही उतरत होतं. मला वाटलं, व्यायाम कमी पडतोय. सेट वाढवत गेलो. आज ते मधेच थांबले, तर सगळ्यांसमोर म्हणालो, "काय मामा, लई लवकर म्हातारे झाले?" ते हसले, पुन्हा बार उचलला आणि पडले.

दवाखान्यात कळलं, पाण्याचा टँकर आला की मामा पहाटे घरी चार मजले पाणी चढवून मग जिमला येतात. डॉक्टर मला म्हणाले, "आराम न देता असं राबवलं की ताणाचं हार्मोन चढतंच राहतं. झोप जाते, शरीर झिजतं."

सलाईन चालू असताना मामा मलाच म्हणाले, "सर, माझ्यापायी तुमची सकाळ गेली."

जिमला येण्याआधी घरी काय काय उचलून येता, हे मी त्यांना एकदाही विचारलं नव्हतं. तुमच्या ट्रेनरनं तुम्हाला कधी विचारलंय का?