आईची वहिवाट

आमच्या वाडीकडे जाणाऱ्या पायवाटेवर पत्रे ठोकले गेले, तेव्हा आईने मला फोन केला नाही. मला कळलं ते रविवारी, गोखिवऱ्याहून तिला भेटायला गावी गेले तेव्हा. ती ओटीवर चाफ्याची फुलं निवडत बसली होती आणि परडी जेमतेम अर्धी भरलेली होती. विचारलं, तर म्हणाली, "मोठ्या रस्त्याने फिरून जावं लागतं आता. गुडघे भरून येतात."

बाबा गेल्यानंतर आई घरात एकटीच राहायची. शेजारची वाडी विकली गेली होती. जुने मालक मुलाकडे राहायला गेले आणि जागा घेणाऱ्याला आम्ही कधी पाहिलंही नव्हतं. त्याने कुंपण घातलं आणि त्या कुंपणात आमची वाटही गेली. मागच्या दारातून निघणारी, दोन वाड्यांच्या मधून जाऊन बावखलाच्या काठाने वळणारी ती वाट. बावखल म्हणजे वाडीतलं तळं. त्याच पाण्यावर आमची केळी, पानवेली आणि सोनचाफा पोसला. लहानपणी बाबांच्या मागे त्या वाटेने जाताना दोन्हीकडची केळीची पानं अंगाला लागत, सकाळच्या दवाने फ्रॉक ओला होई. रविवारी त्याच वाटेने पलीकडच्या आळीतल्या ख्रिस्ती बायका चर्चमध्ये मिस्साला जात. आम्ही बाजूला होऊन त्यांना वाट देत असू, आणि त्यांच्यातली एक, आईची मैत्रीण, माझ्या गालाला हात लावल्याशिवाय पुढे जात नसे. मी तिला अजून मावशीच म्हणते.

वकील करायला हवा, हे मी त्याच दिवशी ठरवलं. ऑफिसातल्या एकाने मुंबईतल्या मोठ्या वकिलाचं नाव सुचवलं. आई नको म्हणाली. "त्याला बावखल म्हणजे काय हे समजावण्यातच दिवस जायचा."

मग आम्ही वसई स्टेशनजवळच्या एका वकिलाकडे गेलो. त्यांनी आईचं बोलणं थोडंसं ऐकलं आणि मध्येच म्हणाले की भांडत बसण्यापेक्षा तुम्हीही विकून टाका, माझ्याकडे घेणारा आहे, दोन्ही जागा एकत्र झाल्या तर भाव चांगला येईल. आईने मांडीवरची पिशवी उचलली आणि नमस्कार करून उठली. जिना उतरताना मला म्हणाली, "वाट मागायला आले होते. हा घरच मागायला लागला."

दुसरं नाव मावशीने सुचवलं. माणिकपूरला बसणाऱ्या एक वकीलबाई, माहेर आमच्या बाजूच्याच गावातलं. मी फोन केला तेव्हा त्यांनी प्रकरण फारसं विचारलं नाही. भेटीला येताना काय आणायचं ते सांगितलं. वाडीचा सातबारा, जुने फेरफार, पत्र्यांचे फोटो. फी किती होईल, तेही आधीच मोकळेपणाने सांगून टाकलं. मग म्हणाल्या, "आणि काय काय झालं ते आईंना सांगू द्या, त्यांना सुचेल तसं. तुम्ही लिहून घ्या. तुमच्या विरुद्ध जाणारं काही असेल तर तेही लिहा. ते मला समोरच्याकडून कळायला नको."

कागद तलाठी कार्यालयातून आणि बाबांच्या कपाटातून मिळाले, त्याला फार वेळ लागला नाही. वेळ लागला तो आईच्या सांगण्याला. त्या आठवड्यात मी ऑफिसातून थेट गावी येत होते. ती भाकऱ्या थापायची, मी पाट घेऊन जवळ बसायचे. मला वाटलं होतं ती पत्र्यांपासून सुरुवात करील. तिने सुरुवात केली लग्नापासून. तेव्हा घरापर्यंत मोठा रस्ता नव्हता, त्यामुळे वरात याच वाटेने आली. नवा शालू बावखलाजवळच्या चिखलात माखला आणि माझ्या आजीने रागावण्याऐवजी तो स्वतः धुतला. मी दोन वेळा म्हटलं, आई, हे वकिलांना कशाला? पण वकीलबाईंनी सुचेल तसं म्हटलं होतं, म्हणून लिहीत राहिले.

आणि तिला सुचेल तसंच सगळं बाहेर आलं. ही वाट पडली कशी, हे मला ठाऊकच नव्हतं. आजोबांच्या काळात शेजारच्या घरातली एक बाई बाळंतपणात अडली. तिला डोलीतून न्यायचं तर मधल्या कुंपणाला वळसा घालावा लागणार होता. आजोबांनी कोयत्याने कुंपण तोडलं. ती बाई वाचली, मूलही वाचलं. पुढे दोन्ही घरांनी आपापल्या बाजूची थोडी थोडी जागा सोडली आणि ते कुंपण पुन्हा कधी उभं राहिलं नाही. हे सांगताना आईचा हात थांबला आणि तव्यावरची भाकरी करपली. तिने ती शांतपणे बाजूला काढली आणि दुसरी थापायला घेतली.

विरुद्ध जाणारी गोष्ट एकच होती, आणि ती मीच लिहिली. बाबा गेल्यावर वाडी बरेच दिवस पडून होती. मीच आईला तिकडे जायला मनाई केली होती, तिच्या गुडघ्यांमुळे. म्हणजे मधल्या काळात वाट वापरात नव्हती, असं समोरचा म्हणू शकत होता.

वकीलबाईंचं ऑफिस औषधांच्या दुकानावरच्या मजल्यावर होतं. आई आत गेली ती अंग चोरूनच. खुर्चीच्या कडेवर बसली आणि शाळेत उत्तर द्यावं तसं नीटनेटकं मराठी बोलू लागली. वकीलबाईंनी थोडा वेळ ऐकलं, मग आमच्या घरच्या बोलीत तिचं माहेर कुठलं ते विचारलं. आई खुर्ची पुढे सरकवून बसली आणि तिच्या बोलण्याला जी धार आली, ती मी बाबा असताना शेवटची ऐकली होती.

डोलीची गोष्ट वकीलबाईंनी पुन्हा सांगायला लावली. दोन्ही घरांनी जागा सोडली, हे महत्त्वाचं होतं. मग माझ्या हस्ताक्षरातल्या त्या ओळींवर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "यजमान गेल्यावर वाडी बंद होती. तेव्हा वाटेने कोणीच जात नव्हतं का?"

मी हो म्हणणार होते. आई म्हणाली, "मी जात होते."

मी तिच्याकडे पाहिलं. ती वकीलबाईंकडेच बघत होती.

"रोज?"

"रोज. सकाळचं आवरलं की. बावखलाच्या पायरीवर बसायचे. ते तिथेच बसायचे ना पाणी घालून झाल्यावर."

वकीलबाईंनी आवाज जरा उतरवून विचारलं, तुम्हाला जाताना कोणी पाहिलंय का. आईने मावशीचं नाव घेतलं. ती आता रोजच मिस्साला जायची, परतताना भेटायची. कधी शेजारी बसून आपली प्रार्थना पुटपुटायची, मग दोघी मिळून परत यायच्या.

मावशीलाही ते माहीत होतं, मला नव्हतं. त्या काळात मी रोज संध्याकाळी फोन करून विचारायचे, आज दिवसभर काय केलंस. ती म्हणायची, काही नाही, घरातच होते.

वकीलबाईंनी सांगितलं की तहसीलदारांकडे अर्ज करता येईल, कोर्टातही जाता येईल, पण आधी साधी नोटीस देऊ. डोलीपासूनची सगळी हकिगत त्यांनी त्या नोटिशीत लिहिली. काही दिवसांनी नवा मालक बायकोला घेऊन आमच्या ओटीवर आला. दलालाने त्याला इथे वाट नाही असंच सांगितलं होतं. आईने त्याला मागच्या दाराने नेऊन पत्र्यापर्यंत चालवून दाखवलं. नंतर वकीलबाईंसमोर लेखी झालं आणि पत्रे मागे सरकले. पूर्वीइतकी रुंद वाट काही मिळाली नाही, एका वेळी एकच माणूस जाईल एवढी मिळाली.

त्या वाटेने जाणारी बहुतेक माणसं आता नाहीत. मी रविवारी गेले की आईबरोबर वाडीत जाते. ती पुढे, मी मागे. बावखलाशी पोहोचलो की ती पायरीवर टेकते आणि मी फुलं काढायला लागते. परवा तिने मला हाक मारून बसायला सांगितलं आणि बाबा कुठल्या बाजूला बसायचे, ते दाखवलं.