शेंदूर लावलेला खांब

ती घटना मी घरी हसत सांगायला घेतो आणि शेवटाकडे माझाच आवाज उतरतो.

ऐंशीच्या दशकात मी अंधेरीच्या एका पोलीस ठाण्यात उपनिरीक्षक होतो. एका सकाळी निनावी फोन आला. जवळच्या ऑफिसच्या गच्चीवर एसीचं पाणी थंड करणारा नवा कूलिंग टॉवर बसवलाय, कंत्राटदारानं त्याखालचं लोखंड खाल्लंय आणि खाली टायपिस्ट बायकांच्या डोक्यावर स्लॅबला तडे गेलेत, एवढंच सांगून फोन ठेवला गेला.

लोखंडचोरी म्हटल्यावर मला चेव आला. हवालदाराला घेऊन गेलो, तडे पाहिले, गच्चीवर पंचांसमोर टॉवरखालचा एकेक लोखंडी गर्डर मोजला. सगळे जागेवर. खालचा हॉल रिकामा करावा हे काही सुचलं नाही, कारण मला चोर हवा होता. कामाच्या सुपरवायझरलाच ठाण्यात आणलं.

तो मालवणकडचा, पन्नाशीचा. हलका माल कुठून आणला, असली माल कोणाला विकला, मी दरडावत राहिलो. तो मान खाली घालून गप्प. दुपार टळली तसा हवालदार वैतागला, “साहेब, लोखंड पुरं भरलंय. मग ह्यानं विकलं काय, वारा?”

तेव्हा कुठे मी साधा प्रश्न विचारला. गर्डरचा पाय इमारतीच्या खांबाच्या डोक्यावर टेकायला हवा, तो हातभर सरकून नुसत्या स्लॅबवर का?

“गच्चीत वर आलेल्या त्या खांबाला शेंदूर लावलाय ना. ऑफिसवाले मारुती म्हणून पुजतात,” तो पुटपुटला. “सकाळी बूट काढून तुम्हीपण हात जोडलात, साहेब. त्याच्या डोक्यावर मी एवढं धूड ठेवू? वाटलं, हातभरानं काय होतंय. तडे दिसले नि सांगायची लाज वाटली.”

माझ्या पंचनाम्यात बोल्टसुद्धा होते, मारुती नव्हता. देवाची नोंद कशी घ्यायची, म्हणून मीच गाळला होता.

त्याला जीपमध्ये घालून ऑफिसकडे पळालो. टॉवरमधलं पाणी सोडून वजन कमी करायला लावलं, हॉल रिकामा केला. उतरताना एक टायपिस्ट म्हणाली, “सकाळी येऊन वर बघून गेलात ना, साहेब? तेव्हाच नाही का उठवायचं आम्हाला?”

गप्प बसलेला माणूस चोरीच लपवतो असं नाही, लाजही लपवतो, हे मी त्या दिवशी शिकलो. जिन्यात मी आणि सुपरवायझर भिंतीला चिकटून उभे होतो, बायका डबे-पर्स घेऊन समोरून उतरत होत्या. माझ्या अंगावर वर्दी नसती, तर आमच्यातला आरोपी कोण हे त्यांना कळलं नसतं.