राजुरीच्या हळदीत एकच गाणं

मिरजेहून नाशिकला मोटारसायकलवर जायचं, हे खूळ माझंच. बायको म्हणाली होती, तुमची गाडी नाहीतर तुमची कंबर, काहीतरी वाटेत तुटणारच. आळेफाट्याला क्लचची तार तुटली. कंबर शाबूत होती, म्हणून मी फार वाईट वाटून घेतलं नाही.

फाट्यावरच्या गॅरेजात सिद्धार्थ नावाच्या तरुण मिस्त्रीनं तार बसवली. पण बसवताना त्याचा पाय सारखा ताल धरत होता. विचारलं तर लाजला. आमचा बँड आहे म्हणाला. मला वाटलं वरातीतला.

"न्हाई वो पावणं, रॉक."

मग काय, निघायचं राहिलं बाजूला आणि ओळखी सुरू झाल्या. शेजारच्या गाळ्यात सागर, मोटार रिवाइंडिंगवाला (जळालेल्या पंपात नवी तांब्याची तार भरणारा). गड्यानं गिटारमधली कॉइलसुद्धा पंख्याच्या तारेनं स्वतः गुंडाळलेली. पलीकडे ट्रकची सीट कव्हरं शिवणारा अक्षय. त्याच्या मोठ्या ड्रमवर चक्क रेक्झिन ताणलेलं. सिद्धार्थ बेस वाजवायचा. तिघांचं मिळून एकच गाणं पुरं बसलं होतं, आणि ते त्याच दुपारी राजुरीत, अक्षयच्या बहिणीच्या हळदीत वाजणार होतं.

अक्षयचे वडील, तात्या, यांनी अट घातली होती. एकच गाणं. ते संपायच्या आत माणसं उठली, तर बेंजो पार्टी सुरू, आणि ड्रम मोडून त्या रेक्झिनची सीट कव्हरं शिवायची. अक्षय हे सांगताना हसत होता, पण ड्रमवरचा हात काही काढत नव्हता. नाशिक काही पळून जात नव्हतं. मी त्यांच्या टेम्पोमागं गाडी घातली.

वस्तीवर (शेतातल्या घरी) मांडव पडला होता. पंगतीला मासवडी. नावात मासा असला तरी आत तीळ-खोबरं. मासा औषधालाही नाही. रस्सा असा जहाल की माझ्या कानांतून वाफ निघाली. वाढणाऱ्या आजींनी दया येऊन आणखी एक वाटी ओतली.

साडेतीनच्या सुमारास गाणं सुरू झालं. आळेफाट्याला एसटी चुकलेल्या मुलीचं गाणं, सागरनंच रचलेलं. पहिल्या झटक्यालाच मांडवाची कनात हलली. अहाहा! मला हसूही येत होतं आणि अंगावर काटाही. आज्या माना डोलवायला लागल्या, फेटेवाले गुडघ्यावर ठेका धरून बसले. एक माणूस उठला नाही. दुसरं कडवं झालं. आता शेवटचंच राहिलं होतं.

तेवढ्यात विहिरीजवळच्या मोटारीच्या पेटीवर तीन छोटे दिवे लागले. चारची वीज अर्धा तास आधी आली होती. हे दिसलं फक्त सागरला, आणि धंद्याची सवय वाईट. गाता गाता तो माइकमध्येच बोलून गेला, "लाइट आली!"

इकडे लाइट म्हणजे घरातली नव्हे, विहिरीवरच्या मोटारी चालवणारी शेताची थ्री-फेज वीज. ती आली की आधी मोटार, मग देव. क्षणात सगळा पुरुषवर्ग उठून आपापल्या विहिरींकडे पळाला. सर्वांत पुढे तात्या, धोतर सावरत. मांडवात उरल्या बायका, पिवळीजर्द नवरी आणि मी. सागर डोक्याला हात लावून खाली बसला. बेंजोवाल्यांनी वाद्यं उचलली. त्या तिघांकडे बघवेना. मला रडूच यायला लागलं.

अक्षय उठून ड्रमचे नट ढिले करायला लागला. एवढ्यात तात्या परत आले, पोटऱ्यांपर्यंत चिखल, धापा टाकत. मागोमाग बाकीचेही येत होते, तेही पळतच.

अक्षय मान खाली घालून म्हणाला, "मोडतोय, तात्या."

"मोडतो काय? पयल्यापासनं घ्या. माझं अर्धं हुकलं."

मग ते गाणं चार वेळा झालं. तिसऱ्या वेळेला बेंजोवाला मध्ये घुसला, चौथ्या वेळेला नाचायला मी. आणि बायकोचं भाकीत तिथंच, गाणं अर्ध्यावर असताना, खरं झालं. नाशिक राहिलं, टेम्पोत आडवा पडून, कमरेला पट्टा बांधून मी मिरजेला परतलो.

परवा आमच्याकडे वीज गेली आणि आली. मी पट्ट्यासकट ताडकन उठलो. कुठं निघालात, बायकोनं विचारलं. काय सांगणार? म्हटलं, माझं अर्धं अजून तिकडंच आहे.